येळवशीचं कडवळ

कडवळ कापलं की त्याच्या बुडख्यातून पुन्हा फुटवे येतात. कडवळ म्हणजे ज्वारीच, फक्त दाण्यासाठी न वाढवता वैरणीसाठी दाट पेरलेली. पाणी मिळत राहिलं तर हे फुटवे भराभर वर जातात, कमरेला लागतात, निसवतात म्हणजे कणसं बाहेर टाकतात, आणि मग ते जनावराला घालायला भीती नसते. पण पाणी तुटलं की ते गुडघ्याखालीच अडून बसतात. रंग मात्र असा काळपट हिरवा धरतात की बघणाऱ्याला वाटावं, काय माजलंय! त्या अडलेल्या फुटव्यात विष असतं. जनावरानं ते पोटभर खाल्लं तर ते थरथरतं, तोंडाला फेस येतो, पडतं. आमच्याकडे याला किरळ लागली म्हणतात. रानात वाढलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं. मलाही लहानपणापासून ठाऊक होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे लिहिता लिहिता कुठे तरी मी असं भासवीन की मला नक्की कल्पना नव्हती. कल्पना होती.

मी हुमनाबादच्या बाजारात बी-बियाणं आणि खताच्या एका दुकानात काउंटरला बसतो. दुकान माझं नाही. कडवळाचं बी न्यायला आलेल्या प्रत्येकाला पिशवी हातात देताना मी सांगतो, कापल्यावर पाणी तोडू नका, तुटलं तर फुटव्यात जनावर सोडू नका, निसवल्याशिवाय घालू नका. लोक वैतागतात. एक गिऱ्हाईक तर आलं की आधीच हात जोडतं. "मामा, कळलं. मागच्या साली बी सांगितलाव, त्याच्या मागच्या साली बी. तुमी बी विकायलाव का भ्या विकायलाव?" मालकही एकदा म्हणाले, "अहो, आपण विकायला बसलोय, अडवायला न्हाई." मी हसतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तेच सांगतो. बाजारात माझी ओळख काळजीवाला माणूस अशी झाली आहे. ही ओळख मी कधी दुरुस्त केली नाही.

आमचं गाव हळ्ळीखेडच्या बाजूला. घरात मराठी, गल्लीत कन्नड, बाजारात दखनी, असं आमचं बोलणं. अप्पा गेल्यावर आम्हा दोघा भावांची वाटणी झाली. रान सारखं वाटलं, पण विहीर वाटता येत नाही. ती माझ्या तुकड्यात आली. पाळीपाळीनं पाणी घ्यायचं, असं चार माणसांत ठरलं. माझ्या थोरल्या भावाला, अण्णाला, ते पटलं नव्हतं. तो म्हणायचा, "अप्पानं खांदली ती हीर. तुझी कामून झाली?" एका उन्हाळ्यात त्याच्या पाळीच्या दिवशी मी मोटार बिघडली म्हणून सांगितलं. बिघडली नव्हती. माझ्या भाजीला पाणी कमी पडत होतं. अण्णानं दुपारी येऊन विहिरीत डोकावून बघितलं, मोटारीच्या पेटीवर हात ठेवला. पेटी कोमट होती. तो काही बोलला नाही. त्या दिवसापासून बोललाच नाही.

मी मुळात कमी बोलणारा. घरात अव्वा, म्हणजे आमची आई, म्हणायची, ह्याच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे आडातून पोहरा काढायचाय. त्यामुळे अण्णानं अबोला धरला तेव्हा मला ते जड गेलं नाही. उलट सोपं वाटलं. भांडायला बोलावं लागतं, समेटाला त्याहून जास्त बोलावं लागतं. मधे एक बांध होता, दोन्हीकडे तूर होती, आणि आम्ही एकमेकांकडे पाठ करून कामं करत राहिलो. वर्षं गेली.

बोलायची ती फक्त वैनी. अण्णाची बायको. पलीकडून हाक मारायची, "भावजी, चहा पाठवू का?" अण्णा जवळ उभा असला तरी. तो दुसरीकडे बघायचा आणि ती मुद्दाम आणखी मोठ्यानं विचारायची.

वैनीकडे एक देवणी गाय होती. पांढरी, अंगावर काळे ठिपके, कान लांब. वैनीच्या लग्नात तिच्या बापानं जी गाय आंदण दिली तिच्या वंशातली ही. सकाळी तव्यावरची पहिली भाकर उतरली की वैनी तिचा चतकोर मोडून गोठ्यात जायची आणि तळहातावर धरून गाईला चारायची. त्याआधी त्या घरात कुणी तोंडाला काही लावायचं नाही. अण्णा ओसरीवर बसून कुरकुर करायचा, "ह्या घरात मी दोन नंबरचा हाय. पैली ती, मग मी."

"तीन नंबर," वैनी आतून म्हणायची. "मधी वासरू हाय."

हे मी वाटणीच्या आधी, एकत्र असताना रोज ऐकलेलं. अण्णा हसायचा. तो मोठ्यानं हसणारा माणूस होता.

ज्या वर्षाचं मी सांगतोय त्या वर्षी गाय गाभण होती. आणि माझ्या विहिरीवरची मोटार खरोखरच जळली होती. विहिरीच्या कडेला मी कडवळाचा एक पट्टा केला होता. एकदा कापून झाला, फुटवे आले, आणि पाणी तुटलं. मोटार वायंडिंग भरायला दिली होती, ती परत येईना. फुटवे पिवळे पडायला लागले म्हणून मी दुकानातून युरिया आणून टाकला. तेही चुकीचंच, तहानलेल्या पिकाला युरिया दिला की हे विष वाढतं. पण त्यानं रंग आला. काळाभोर हिरवा रंग. तुरीच्या उभ्या ओळींच्या मागे तो पट्टा असा लपला होता की रस्त्यावरून किंवा अण्णाच्या रानातून दिसायचाही नाही. मी माझी जनावरं तिथं फिरकू देत नव्हतो.

मग येळवस आली. आमच्या भागातल्या माणसाला येळवस सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. थंडीतल्या अमावस्येला सगळं गाव घराची दारं लावून रानात जातं. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, आत चुना लावलेले पाच दगड मांडायचे, पूजा करायची, आणि दिवसभर रानातच जेवायचं. अंबील, बाजरीचे उंडे, सगळ्या भाज्या आणि शेंगांची भज्जी, खीर. त्या दिवशी कुणीही कुणाच्या कोपीत शिरून जेवायला बसावं. नको म्हणायचं नाही. तहसीलचे लोक, बँकेचे, मास्तर, सगळे कुणाच्या ना कुणाच्या रानात पाहुणे असतात. जनावरांनाही बरोबर नेतात आणि सणाचं ताट चारतात. आणि आमच्यात असं मानतात की त्या दिवशी आपल्या रानात आलेल्या जनावराला हाकलायचं नाही. हाकललं तर वर्षभर गोठ्याला बरकत नसते म्हणतात.

वैनीनं गाय आणली होती. बांधाच्या पलीकडे बाभळीखाली मेख ठोकून लांब दाव्यानं बांधली होती. आमची पूजा झाली. माझी बायको कोपीत पाहुण्यांना वाढत होती. मी हात धुवायला विहिरीवर गेलो. आणि तिथून बघितलं तर गाय माझ्या कडवळात उभी.

मेख उपटली होती. बाभळीखालची माती भुसभुशीत. दावं आणि मेख ओढत गाय तुरीतून सरळ हिरव्या रंगाकडे आली होती. मान खाली घालून खात होती. घाईनं नाही, अगदी समाधानानं. फुटवा तुटताना कर्र असा आवाज येत होता. तिचे पुढचे दोन्ही पाय पट्ट्याच्या आत होते.

एक हाक मारली असती तर झालं असतं. हाक कशाला, नुसता खडा मारला असता तरी झालं असतं.

मी विहिरीच्या कठड्यावर बसलो.

का बसलो, याची कारणं मी नंतर स्वतःला पुष्कळ दिली. सणाचा दिवस, भावाचं जनावर हाकललं असं लोक म्हणतील. अण्णाला हाक मारायची तर बोलावं लागेल. हे सगळं खरं आहे आणि यातलं काहीच कारण नाही. कारण असं होतं. मला वाटलं, खाऊ दे थोडं. जरा फुगेल, जरा पाय झाडेल. मग अण्णा घाबरेल. गावात डॉक्टरला फोन लागला तर ठीक, नाही तर मोटारसायकल फक्त माझ्याकडे. त्याला माझ्याकडे यावं लागेल. तो तोंड उघडून मला काही तरी म्हणेल. मला गाय मरायला नको होती. पण तिनं थोडं आजारी पडावं असं मला हवं होतं, आणि थोडं म्हणजे किती हे मी त्या गाईवर सोडलं.

किती वेळ बसलो ते सांगता येत नाही. पुरेसा वेळ बसलो. पलीकडून अण्णाचं हसणं ऐकू येत होतं. कुणा पाहुण्याला तो आग्रह करत होता, "घ्या की अजून एक उंडा. तुमच्या घरी काय बायको उपाशी ठेवायलीय का?"

मग मला एकदम भीती वाटली. मी उठलो, गाईचं दावं धरलं आणि तिला तुरीतून परत नेलं. ती आली, शहाणी गाय होती. बाभळीखाली मेख पुन्हा मूळच्या भोकात घातली, धोंडा घेऊन ठोकली. जवळ आणखी एक धोंडा होता, तोही मेखेवर ठेवला. तुरीत तिच्या खुरांचे ठसे होते, ते पायानं पुसले. हे सगळं मी कुणी बघत नाही ना ते बघत केलं. त्यामुळे भीती गाईसाठी होती असं मला म्हणता येत नाही.

मी कोपीकडे परत आलो आणि जेवायला बसलो. थोड्या वेळानं वैनी ताट घेऊन बाभळीकडे जाताना दिसली. सणाचं ताट. उंडे, भज्जी, घट्ट खीर. तिनं जाता जाता मला विचारलं, "भावजी, जेवलाव का? भज्जी पाठवू का आमच्यातली?"

"जेवायलो," मी म्हणालो.

वैनीनं गाईच्या कपाळाला विभूती लावली, तळहातावर एक उंडा धरला. गाईनं तो तोंडात घेतला, पण नीट चावला नाही. दुसरा धरला. तोही तिनं घेतला. तेवढ्यात तिचे मागचे पाय थरथरायला लागले. वैनीला वाटलं माशी बसली असेल. तिनं पदरानं झाडलं. मग गाईच्या तोंडातून फेस आला, अर्धा चावलेला उंडा त्यात मिसळून खाली पडला, आणि गाय आधी गुडघ्यांवर आणि मग कुशीवर कोसळली. हे सगळं मी पाहिलं. वैनीच्या हातात तिसरा उंडा तसाच होता.

वैनी ओरडली तशी माणसं धावली. कुणी म्हणालं, "पोट फुगलंय, जास्त चारलंय." कुणी म्हणालं, "अंबील पाजा, गार पडंल." वैनीनं अंबिलाचं मडकंच आणलं. आणि अण्णा बांध ओलांडून माझ्याकडे आला. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं.

"गाडी काढ," तो म्हणाला. "डाक्टर पलीकडं मास्तरच्या कोपीत जेवायलाय. लवकर जा, तुझ्या पाया पडतो."

एवढ्या वर्षांनंतरचे त्याचे माझ्याशी पहिले शब्द ते. मी धावलो. कुणीही सांगेल की मी जिवाच्या आकांतानं धावलो, आणि ते खरं आहे. मास्तरच्या रानात जनावरांचे डॉक्टर खरोखरच ताटावर बसले होते. तरुण होते, कन्नड बोलणारे. हात तसाच खरकटा, बॅग उचलून माझ्या मागे बसले. वाटेत त्यांनी कानाजवळ विचारलं, "एन् तिंतु? काय खाल्लंय तिनं?"

तिथं आम्ही दोघेच होतो. वारा होता, गाडीचा आवाज होता. मी सांगितलं असतं तर अण्णाला कळायचीही गरज नव्हती.

"सणाचं ताट खाल्लंय," मी म्हणालो. "बाकी ठाऊक न्हाई."

आम्ही पोचलो तेव्हा वैनी गाईचं तोंड मांडीवर घेऊन अंबील ओतत होती. डॉक्टर लांबूनच ओरडले, "ब्याड, ब्याड! पाजू नका, ठसका लागंल." त्यांनी वैनीला बाजूला केलं, गाईची कूस ठोकून पाहिली, पापणी उलटून पाहिली. ती आतून लालभडक होती. ते थांबले. परत पाहिली. मग मान वर करून सगळ्यांना विचारलं, "जवळपास कुठं कोवळी ज्वारी हाय का? कापून फुटलेली? ह्याचा रंग मला तसा दिसायलाय. तसं असंल तर विलाज येगळा हाय, दुसरं इंजेक्शन द्यावं लागतंय. हाय का कुठं?"

अण्णानं चारी बाजूंना पाहिलं. "आमच्या रानात तूर हाय आणि हरभरा हाय. ज्वारी तिकडं वरच्या अंगाला, ती बी दाण्यात आलीय. आणि गाय तर इथनं हलली न्हाई. बघा की, मेख तशीच हाय."

सगळ्यांनी मेखेकडे पाहिलं. मेख घट्ट होती. वर धोंडा होता.

"मग ताट किती चारलाव?" डॉक्टरांनी वैनीला विचारलं.

"दोनच उंडे," वैनी म्हणाली. "दोनच, खरंच."

"दोन?" अण्णा म्हणाला. "ताट रिकामं हाय की!"

ताट तिच्या हातून उलटं पडलं होतं, खीर मातीत गेली होती. पण त्या गोंधळात ते कुणी बघितलं नाही. डॉक्टरांनी पोटफुगीचं औषध दिलं, कुशीतून सुई घालून हवा काढली. त्यांचा काही दोष नाही. त्यांनी बरोबर प्रश्न विचारला होता. उत्तर माझ्याकडे होतं आणि मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. सांगितलं असतं तर गाय वाचली असती का, हे मला माहीत नाही. कदाचित उशीर झालाच होता. मी हे "कदाचित" इतकी वर्षं वापरलं आहे की आता त्यात काही उरलेलं नाही.

ऊन कलायच्या आत गाय गेली. पोटातलं वासरू काही वेळ हलत होतं. वैनीचा हात तिथंच होता, म्हणून तिला ते कळत होतं. मग तिनं हात काढून घेतला.

दिवस मावळताना आमच्याकडे कडब्याचा पेटता पेंढा घेऊन रानाभोवती फिरतात. अण्णाच्या रानात त्या संध्याकाळी कुणी फिरलं नाही. मी माझ्या रानात फिरलो, विळा कमरेला खोचून. तुरीच्या मागे गेल्यावर पेंढा जमिनीत रोवला आणि कडवळाचा सगळा पट्टा बुडापासून कापून काढला. गाईनं तोडलेले फुटवे, न तोडलेले फुटवे, सगळे. ते जाळायला गेलो तर ओलं कडवळ पेटेना, नुसता धूर होत राहिला. शेवटी विहिरीमागच्या खड्ड्यात टाकून वर माती लोटली. हात हिरवे झाले होते. बायकोनं विचारलं, "येळवशीच्या दिशी विळा कशाला?" मी म्हणालो, "खत करायला."

दुसऱ्या दिवशी अण्णा आणि मी मिळून गाईसाठी खड्डा खणला. खणता खणता तो म्हणाला, "लई धावलास रे तू काल." मी माती वर टाकत राहिलो. तो म्हणाला, "पाण्याचं ते जाऊ दे आता. झालं ते झालं." दुपारी त्यानं मला जेवायला घरी नेलं. असा आमचा अबोला मिटला. गावात लोक म्हणाले, गाय गेली पण भाऊ भावाला मिळाला.

यापुढचं लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

गाय वैनीनं मारली, असं ठरलं. कुणी बसून ठरवलं नाही. बायका पाणवठ्यावर म्हणायच्या, लई लाड केले, लाडानंच मेली. अण्णा आधी रागानं म्हणायचा, मग रागाची धार गेली आणि सवय राहिली. चारचौघांत म्हणायचा, "आमच्या हिच्या हाताला गुण न्हाई." पाहुणा जेवायला बसला की म्हणायचा, "बेतानं घ्या बरं का, ही आग्रह करायली की माणूस आडवा होतो." लोक हसायचे. मीही त्या पंगतीत असायचो. आता आम्ही बोलते भाऊ होतो ना, प्रत्येक सणाला मी त्या घरी जेवायला असायचो. वैनी माझ्या ताटात वाढायची, आणि अण्णाच्या थट्टेवर मी खाली बघून घास चावायचो.

वैनीनं पुन्हा गाय ठेवली नाही. अण्णानं एकदा आणू म्हटलं तर म्हणाली, "नको. माझ्या हाताला नको." पहिल्या भाकरीचा चतकोर ती मोडायची, पण तो कट्ट्यावर ठेवून द्यायची. कुणी मुलानं उचलून जनावराला घातला तर घातला. नाही तर कावळे नेत. स्वतः ती कुठल्याच जनावराच्या तोंडाशी हात नेत नसे. घरात मांजर आलं तरी बशी सरकवून दूर उभी राहायची.

अण्णा शेवटी बीदरच्या दवाखान्यात होता. वैनी त्याला चमच्यानं पेज भरवायला गेली तर त्यानं डोळे मिचकावून मला म्हटलं, "बघ, आता मला चारायलीय. गाईसारखं करती का काय?" तो थट्टाच करत होता. त्याला तेवढंच बोलायचं बळ उरलं होतं आणि ते त्यानं थट्टेत घालवलं. वैनीनं चमचा माझ्या हातात दिला आणि बाहेर व्हरांड्यात गेली. मी त्याला पेज भरवली. तेव्हाही मी बोललो नाही. गाय वैनीच्या हातानं गेली, हेच मनात घेऊन अण्णा गेला. त्याला सांगितलं असतं तर त्याला भाऊ परत गमवावा लागला असता, असं मी तेव्हा स्वतःला म्हणालो. म्हणजे मी गप्प बसलो ते त्याच्या भल्यासाठी. माणूस काय काय म्हणतो स्वतःला.

वैनी आता एकटी असते. मुलगी उदगीरला दिली आहे. अण्णाचं रान मीच बटईनं, म्हणजे निम्म्या वाट्यानं, करतो. यंदाच्या येळवशीला मी रानात कोप घातली नाही. बायकोला माहेरच्यांच्या रानात पाठवलं आणि मी वैनीकडे गेलो. तिनं घरीच थोडी भज्जी केली होती. उंडे नव्हते, ते ती त्या दिवसानंतर करत नाही. मी ओसरीवर बसलो, आणि बसल्या बसल्या सांगितलं. विहीर, कडवळ, मेख, धोंडा, गाडीवरचं डॉक्टरांचं विचारणं, विळा. सगळं, इथं लिहिलं आहे तसं. मी कधीच एवढं सलग बोललो नव्हतो.

वैनी ऐकत होती. माझं संपल्यावर तिनं मला पाणी दिलं. मग माझ्याकडे बघून हसली. फार दिवसांनी हसली असेल.

"भावजी," ती म्हणाली, "तुमी माझ्यासाठी कामून खोटं बोलायलाव?"

"खोटं न्हाई वैनी."

"गाय हलली न्हाई तिथनं. मेख मी सोताच्या डोळ्यानं बघितली की. वर धोंडा बी होता."

"तो धोंडा मीच ठेवला, वैनी. तेच तर सांगायलोय."

"आणि कडवळ कुठं होतं? दुसऱ्या दिशी तुमी दोघं खड्डा खांदायला गेलाव तवा मी बघून आले. मला बी वाटलं होतं, डाक्टर म्हणायलेत तर कुठं असंल ज्वारी. सगळं रान फिरले मी. तुमच्या हिरीपाशी नुसती बुडखं होती. कापल्यालं रान होतं ते."

ती शोधायला गेली होती. हे मला ठाऊक नव्हतं. सगळं गाव तिला नावं ठेवत असताना ती एकटी, पायानं, खरं शोधत माझ्या विहिरीपर्यंत आली होती, आणि मी तिच्या आधी एक संध्याकाळ तिथं जाऊन आलो होतो.

"मी कापलं होतं," मी म्हणालो. "त्याच सांजेला."

"असू दे," ती म्हणाली. लहान मुलाला म्हणावं तसं. "तुमचे अण्णा गेले, आता मला कोण बोलणारं न्हाई. तुमच्या जिवाला कामून लावून घ्यायलाव? तुमी त्या दिशी किती धावलाव ते मी बघितलंय. तुमी असं करणारं माणूस न्हाई. मला ठाऊक हाय की, दोनच उंडे दिले असं मी म्हणायची, पण कुणाला ठाऊक, जास्त गेले असतील. हातच माझा तसला."

मी शपथ घेतली. कपाळाच्या विभूतीला हात लावून म्हणालो. तिनं माझा हात धरून खाली ठेवला. "शपथ नका घेऊ. सणाचा दिवस हाय."

आणखी काय सांगायचं होतं? पुरावा मागितला तर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. मेख घट्ट ठोकणारा मीच, कडवळ मातीत घालणारा मीच. ते काम मी फार नीट केलं होतं.

तेवढ्यात दारात एक गाय येऊन उभी राहिली. गल्लीतली कुणाची तरी, सणाचा वास घेत आलेली. कट्ट्यावर सकाळचा चतकोर होता. गाईनं मान पुढे केली. वैनी चटकन मागे सरली, भिंतीला पाठ लावली, दोन्ही हात पदराखाली घेतले.

"भावजी," ती म्हणाली, "तेवढी भाकर चारा तिला. तुमच्या हातानं द्या. माझ्या हातचं नको."

मी उठलो. भाकर घेतली आणि तळहातावर धरली. गाईनं ती खाल्ली, खरखरीत जिभेनं माझा हात पुसून घेतला आणि आणखी काही आहे का म्हणून तिथंच उभी राहिली. वैनी भिंतीपाशी उभी राहून बघत होती. तिच्या तोंडावर समाधान होतं.